एक कान मोकळा

मी गाणी एका कानाने ऐकतो. इअरफोनचं डावं टोक कानात असतं आणि उजवं छातीवर लोंबत असतं. बायको म्हणते, यांना अर्धंच गाणं पुरतं. मी जे ऐकतो त्याला इंडी रॉक, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या लहान बँडचं संगीत, म्हणतात आणि त्यातल्या बऱ्याच बँडमध्ये दोन गिटारवाले असतात. रेकॉर्डिंग करताना एकाची गिटार डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे ठेवायची रीत आहे. म्हणजे इतकी वर्षं मी प्रत्येक बँडमधल्या एकाच गिटारवाल्याला ओळखत आलो. दुसरा काय वाजवतो ते देव जाणे. फोनमध्ये दोन्ही बाजू एकत्र करून एकाच कानात ऐकण्याची सोय असते, हेही मला माहीत आहे. ती मी कधी वापरली नाही.

एका सकाळी माझे दोन्ही कान बंद होते आणि त्यामुळे माझी आई मरणाच्या दारापर्यंत जाऊन आली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला कळेल, या भीतीने मी आठ वर्षं काढली. ती भीती साधी नव्हती. जेवताना आई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली तरी मी ताटावरून उठायचो.

सुरुवात मात्र चांगली झाली होती. नव्याण्णव साली मी अकरावीसाठी गोंदियाला आलो. आमचं गाव अर्जुनीच्या बाजूला, इटियाडोह धरणाच्या कालव्याजवळ. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि दुसऱ्या अंगाला जंगल. मी जात्याच भित्रा. गोंदियात मला कुत्र्यांची भीती वाटे, वर्गात हिंदीत उत्तर द्यायची भीती वाटे, स्टेशनवर उभ्या मालगाडीखालून वाकून पलीकडे जाणाऱ्या लोकांना बघूनच मी मान फिरवत असे. माझ्या रूम पार्टनरचा मोठा भाऊ बंगलोरला इंजिनिअरिंग शिकत होता. दिवाळीनंतर त्याने एक रेकॉर्ड केलेली कॅसेट पाठवली. तिच्यावर निळ्या पेनाने ‘मिक्स’ एवढंच लिहिलेलं. गाण्यांची नावं नाहीत, बँडची नावं नाहीत. पार्टनरने दोन गाणी ऐकली आणि कॅसेट माझ्याकडे फेकली. “यार, इनको गाना नहीं आता,” म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. त्यांना गाणं येत नव्हतं. एकाचा आवाज वरच्या पट्टीत गेला की चिरकायचा. दुसरा इतक्या हळू आवाजात गायचा, जणू पलीकडच्या खोलीत कुणी झोपलंय आणि त्याला जाग येऊ द्यायची नाही. एका गाण्याच्या सुरुवातीला खुर्ची सरकल्याचा आवाज होता, आणि तो कुणी काढून टाकला नव्हता. इंग्रजी शब्द मला चार-पाचच कळत. पण ही माणसं घाबरलेली आहेत, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं. आपल्यासारखं कुणीतरी जगात आहे आणि ते त्याचं गाणं करतंय, याचं मला केवढं तरी अप्रूप वाटलं.

तेव्हापासून माझी मतं बनत गेली, आणि ती मी अजून सोडलेली नाहीत. हेवी मेटल हे आपण घाबरत नाही असं दाखवणाऱ्यांचं संगीत आहे. इंडी रॉक हे घाबरलेल्यांचं संगीत आहे, म्हणून मला ते जास्त खरं वाटतं. लांबलचक गिटार सोलो मला सहन होत नाही. लग्नात एकटाच माईक धरून बसणाऱ्या पाहुण्यासारखा तो प्रकार असतो. गाणी उलटसुलट क्रमाने ऐकणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, बनवणाऱ्याने लावलेल्या क्रमानेच ऐकायचा. पहिलं गाणं लोकांसाठी असतं, शेवटचं टाळ्यांसाठी असतं. शेवटून दुसरं गाणं मात्र बँडचं स्वतःचं असतं. तिथवर कुणी येणार नाही असं समजून ते मनातलं बोलतात. आणि एक नियम सगळ्यांत पक्का, लागलेलं गाणं मध्ये तोडायचं नाही. घराला आग लागली तरी गाणं संपू द्यायचं, असं मी पार्टनरला ऐटीत सांगत असे.

एक लाज वाटण्यासारखी गोष्टही सांगून टाकतो. माझा आवडता एक बँड पुढे फार प्रसिद्ध झाला, तेव्हा मला राग आला होता. आमच्या अख्ख्या तालुक्यात तो ऐकणारा मी एकटाच होतो, आणि प्रसिद्ध झाल्यावरही मी एकटाच राहिलो. तरी आपलं काहीतरी चोरीला गेलं असं मला वाटत राहिलं.

कॉलेज संपता संपता गोंदियात सायबर कॅफे झाले. एक गाणं उतरवायला पाऊण तास लागे आणि मध्येच वीज गेली की सगळं पहिल्यापासून. कॅफेचा मालक स्टेशन रोडचा, भला माणूस. तो मला गाणी सीडीवर लिहून द्यायचा. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भानगड होती. दोन गाण्यांच्या मध्ये ते आपोआप दोन-तीन सेकंदांची शांतता टाकायचं. काही अल्बममध्ये एक गाणं दुसऱ्यात मिसळत जातं, तिथे ही शांतता ठेच लागल्यासारखी वाटे. मी तक्रार केली तर तो म्हणाला, “भैया, दो गाने के बीच में आदमी को साँस तो लेने दो.” हळूहळू मला त्या शांततेची सवय झाली. इतकी, की ती नसली तर चुकल्यासारखं वाटे. नंतर मी अंगठ्याएवढा एमपीथ्री प्लेअर घेतला. तोही पुढचं गाणं उघडायला तेवढाच वेळ घ्यायचा. या दोन-तीन सेकंदांचं पुढे काय झालं ते सांगतोच.

बी.एड. करून मी दोन वर्षं गावी बसून होतो. नोकरी नव्हती, बाबांच्या नजरेला नजर देता येत नव्हती आणि कानात सतत वायर. बाबांनी एकदा इअरफोन मागून स्वतःच्या कानाला लावून पाहिला. अर्धा मिनिट ऐकलं आणि परत दिला. “याचं कोनी मेलं का?” त्यांनी विचारलं. आईला गाण्यांशी देणंघेणं नव्हतं, वायरीचा राग होता. “लोकाईले वाटन का आपल्या घरी बोलाले कोनी नाही,” ती म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो. आईला राग यायचा खरा, पण मी ऐकत असलो की ती मध्ये बोलायची नाही. गाणं संपेपर्यंत दारात उभी राहायची. तेवढा माझा नियम तिला माहीत होता.

त्या वर्षी मोहफुलं भरपूर आली. आमच्याकडे फागुन-चैतात मोहाची फुलं पहाटेपासून गळायला लागतात आणि ऊन चढेपर्यंत गळत राहतात. ती वेचून वाळवायची. जंगलात कुणी कोणतं झाड वेचायचं हे घरोघर ठरलेलं असतं. आमच्या वाट्याला दोन झाडं होती, शेजारच्या काका-काकूंच्या वाट्याला दोन. चौघांनी मिळून जायचं आणि मग आपापल्या झाडाखाली एकेकट्याने बसायचं. दोन झाडांमध्ये झुडपं, एक कोरडा नाला, पळसाची गर्दी. एकमेकांना आम्ही दिसत नसू.

अडचण अशी की मोहफुलं अस्वलालाही आवडतात. आमच्याकडे वाघापेक्षा अस्वलाला लोक जास्त भितात. वाघ माणसाची चाहूल लागली की बहुधा बाजूला होतो. अस्वलाला नीट दिसत नाही, ते खाण्यात गुंग असतं आणि दचकलं की सरळ अंगावर येतं, तेही तोंडावर. आई जंगलात त्याचं नाव घेत नसे. ‘काळा’ म्हणायची. दरवर्षी कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी तोंडावर त्याच्या नखांच्या खुणा उमटायच्या, आणि आम्ही बाजारात त्या माणसाकडे बघायचं टाळायचो.

म्हणून हाकेची रीत. थोड्या थोड्या वेळाने काका आपल्या झाडाखालून “होऽऽ” अशी लांब हाक द्यायचे. मग काकू, मग आई, शेवटी मी. चारही आवाज आले की सगळे परत खाली वाकायचे. माणसं आहेत हे अस्वलाला कळावं आणि माणूस जागेवर आहे हे माणसांना कळावं, असे दोन्ही उपयोग. कुणाचा आवाज आला नाही तर शेजारच्या झाडाखालच्या माणसाने पुन्हा हाक द्यायची. दोनदा, तीनदा. तिसऱ्या हाकेलाही आवाज आला नाही तर हातातली टोपली खाली ठेवायची आणि बघायला जायचं. यात विचार करायचा नसतो, कुणाची वाट बघायची नसते. माझ्या शेजारचं झाड आईचं होतं.

पहिले तीन-चार दिवस मी उघड्या कानांनी वेचलं. मोहाचं फूल रसाळ आणि जड. ते वाळल्या पानावर पडलं की टप्प असा आवाज होतो. शेकडो फुलं पडत असतात आणि प्रत्येक आवाजाला मान वळते. खार पळाली तरी पानं वाजतात, सरडा पळाला तरी वाजतात. मला सारखं मागे काहीतरी श्वास घेतंय असं वाटे. चोवीस वर्षांचा घोडा, आणि मी झाडाच्या बुंध्याला पाठ लावून हात पोहोचेल तेवढीच फुलं वेचत होतो. आईची टोपली भरलेली असे, माझ्या टोपलीचा तळ दिसे. “कायले भितेस एवढा?” आई म्हणाली. “हाक आहे ना आपली.”

पाचव्या दिवशी मी प्लेअर बनियनच्या आत ठेवून नेला. दोन्ही टोकं कानात घातली, आणि जंगल गेलं. पानं नाहीत, श्वास नाही, मागे कुणी नाही. कानात माझ्यासारखा एक भित्रा माणूस हळू आवाजात गात होता आणि मी खाली वाकून भराभर फुलं वेचत होतो. झाडापासून पंधरा-वीस पावलं लांब गेलो, तेही कळलं नाही. इतकं मोकळं मला त्या जंगलात तोवर कधी वाटलं नव्हतं.

हाकेचं काय, याचा मी विचार केला होता. तेवढा शहाणपणा होता अंगात. काकांची हाक साधारण किती वेळाने येते ते मला माहीत झालं होतं. दोन-तीन गाणी झाली, की मधल्या शांततेत एक टोक काढायचं, हाक ऐकायची किंवा आधी आपणच “होऽऽ” करून टाकायचं, की झालं. चार दिवस हे बिनबोभाट चाललं. आई एवढंच म्हणाली, की तुझी हाक कधी आधी येते, कधी उशिरा येते. मी म्हटलं, वेचताना लक्ष राहत नाही.

नवव्या दिवशी सूर्य वर आला होता. उजेड चांगला होता आणि लोक घरी परतायच्या बेतात होते. माझ्या अल्बमचं शेवटून दुसरं गाणं लागलं. ते सात मिनिटांच्या वर आहे. सुरुवातीला नुसती एक गिटार, मग फार उशिरा दुसरी, मग सगळे एकदम. हाकेची वेळ होऊन गेली आहे हे मला कळत होतं. नाही कळलं असं मी म्हणणार नाही. माझा हात कानाकडे गेलाही होता. पण गाणं मध्ये तोडायचं नाही, एवढं संपू दे, मग देऊ हाक, असं मी मनाशी म्हटलं. बुंध्याला टेकून बसलो, डोळे मिटले आणि मान हलवत ऐकत राहिलो.

गाणं संपलं. प्लेअर पुढचं गाणं उघडत होता. त्या दोन-तीन सेकंदांत मला काकूची किंकाळी ऐकू आली, आणि तिच्यामागून काका कुऱ्हाडीने झाडाच्या बुंध्यावर दाणदाण मारत असल्याचा आवाज.

मी धावलो. कसा धावलो ते आठवत नाही. नाल्याच्या अलीकडच्या काठावर, आईचं झाड आणि माझं झाड यांच्या मधोमध, आई बसलेली होती. अस्वल निघून गेलं होतं. ते मी पाहिलंच नाही, आजवर पाहिलेलं नाही. आईने पदर डोक्याच्या उजव्या बाजूला दाबून धरला होता आणि तो पदर पूर्ण लाल होता. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो, तिचं डोकं खांद्यावर घेतलं. तिने डोळे उघडून मला पाहिलं आणि पुन्हा मिटले. काकांनी मला बाजूला ओढलं. आम्ही तिला धोतराच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणलं. आधी अर्जुनी, मग गोंदिया. डोळा वाचला. उजवा कान गेला, आणि त्या बाजूचं ऐकू येणंही गेलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात काकांनी मला विचारलं. रागाने नाही, नुसतं विचारलं.

“तिनं तीनदा हाक देली तुले. मीनं आयकली. तू काऊन आवाज नाही देला?”

“झाड्याले गेलतो,” मी म्हणालो. “लय दूर. आयकू नाही आलं.”

शौचाच्या कारणापुढे कुणी काही विचारत नाही. काकांनी मान हलवली. बाबा शेजारी उभे होते, त्यांनीही मान हलवली. खोटं इतकं सहज निघालं, की मी स्वतःच दचकलो. मग हात गळ्याकडे गेला आणि कळलं, की प्लेअर बनियनमध्ये आहे, वायर नाही. धावताना कुठेतरी पडली होती.

तिथून माझ्या भीतीने घर बदललं. अस्वल राहिलं बाजूला, मी त्या वायरीला भ्यायला लागलो. पांढरी वायर, गावात तशी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. आईच्या डोक्याला टाके पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावी जाऊन जंगलात गेलो. एकटा. झाडाखालचं एकेक पान उलटलं. नाला पालथा घातला. काठावरचे रक्ताचे काळे डाग दिसले, त्यांना वळसा घालून शोधत राहिलो. वायर नव्हती. म्हणजे ती कुणाला तरी सापडणार, आणि जिथे सापडेल त्या जागेवरून लोकांना सगळं कळणार. गुरं राखणारा माणूस वाटेत भेटला की मी त्याच्या हाताकडे बघायचो. सरपणाची मोळी घेऊन कुणी आलं की मोळीत पांढरं काही दिसतं का ते बघायचो.

तेवढ्यात आईने एक चमत्कारिक गोष्ट केली. वनखात्याचा माणूस तिचा जबाब घ्यायला आला होता. डोक्यावर एवढी मोठी पट्टी, बोलताना ओठ थरथरत होते. त्याने विचारलं, मुलगा कुठे होता? आई म्हणाली, “तो मले सांगून गेलता, मी झाड्याले जाऊन राहिलो म्हणून. मीच इसरली.”

मी तिला काहीच सांगून गेलो नव्हतो. मला वाटलं, डोक्याला मार बसल्यामुळे तिची आठवण हलली आहे. बाहेर बोलताना माझं खोटं कानावर पडलं असेल आणि ते तिच्या डोक्यात बसलं असेल. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची शरम वाटली. मग नवी भीती सुरू झाली, की तिची आठवण परत आली तर? ती बरी व्हावी म्हणून मी गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवाला नवस बोललो, आणि त्याच दमात मनातून म्हणालो, की तेवढं मात्र तिला आठवू देऊ नकोस. असा नवस करणारा मुलगा मीच असेन.

आठ महिने मी काही ऐकलं नाही. मग मला गोंदियातल्या एका खाजगी शाळेत नोकरी लागली, नवीन इअरफोन घेतला आणि डावं टोक कानात घातलं. उजवं घालायला गेलो तर हात थांबला. कान बंद होतोय असं वाटताच छातीत धडधड सुरू झाली. खोलीत मी एकटा, बाहेर भर दुपारची रहदारी, आणि मला कुणीतरी हाका मारतंय, तिसरी हाक होऊन गेली आहे, असं वाटत होतं. तेव्हापासून एकच कान. सीडी गेल्या, प्लेअर गेले, फोनमध्ये मेमरी कार्ड आलं, मग सगळ्या जगाचं संगीत बोटावर आलं. ज्या अल्बमची मी कॉलेजात नुसती वर्णनं वाचली होती ते सगळे मिळाले. सगळे अर्धेच ऐकले. गाणी मध्ये तोडायलाही शिकलो. कुणी “अहो” म्हटलं की बोट आधी स्क्रीनवर जातं. ते सात मिनिटांचं गाणं मी पुन्हा लावलं नाही.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे गोंदियाला राहायला आली. ती डोक्यावरचा पदर नेहमी उजव्या बाजूने घट्ट ओढून घेते. मी कायम तिच्या डाव्या अंगाला बसतो. मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी बायको माहेरी गेली होती. आई खाली बसून सुपात तांदूळ निवडत होती आणि मी शेजारी पेपर तपासत होतो. डावं टोक कानात, उजवं छातीवर. आई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. माझा लाल पेन थांबला.

“तो दुसरा कायले लटकवून ठेवला?” तिने विचारलं.

“सवय आहे,” मी म्हणालो.

तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. “त्या रोजी तं दोन्ही होते.”

आठ वर्षं मी या वाक्याची तयारी केली होती. आई सुपाकडे बघतच बोलत होती.

“तीनदा हाक देली तुले. आवाज नाही आला. टोपली ठेवली न् निंघाली. नाला चढली तं दिसला तू. झाडाले टेकून बसला होता, डोये मिटून मुंडी हालवून राहिला होता. म्हणलं, जिता आहे. लय बरं वाटलं मले. म्हणलं, गानं आयकून राहिला, मधात नोको बोलू. मंग परतली.”

तिने सूप एकदा पाखडलं.

“परततानी तो आला.”

नाल्याच्या काठावरून माझं झाड वीस पावलं असेल. तिने तिथून पुन्हा एक हाक मारली असती, मला हलवलं असतं, तर आम्ही दोघं मिळून परतलो असतो. ती माझ्या गाण्यासाठी गप्प राहिली. मी विचारलं, की एवढी वर्षं बोलली का नाहीस.

“तुह्या बापानं घरात नसतं ठेवलं तुले,” ती म्हणाली. “अन् ते वायर माह्या पदरात अटकली होती. दवाखान्यातल्या बाईनं बांगड्याईसंगं पुडीत बांधून देली. मीनं चुलीत टाकली.”

म्हणजे मी पानं उलटत होतो तेव्हा वायर तिच्या उशाखाली होती. वनखात्याच्या माणसापुढे तिची आठवण शाबूत होती. मी मान खाली घालून रडलो. आई तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “घाल आता दोन्ही. मी का हाका मारून राहिली?”

मी फोन घेतला. ते सात मिनिटांचं गाणं शोधलं. उजवं टोक उचलून कानात घातलं आणि खोली गेली. पंख्याचा आवाज गेला, सुपाचा गेला, आईचा गेला. छातीत धडधडायला लागलं, तरी मी ते काढलं नाही. अर्ध्या गाण्यानंतर उजवीकडून दुसरी गिटार आली. ती काय वाजवत होती, ते मला आजही सांगता येणार नाही. गाणं संपेपर्यंत मी आईच्या तोंडाकडे बघत होतो, ती हाक मारते का म्हणून.